पावसाळ्यात माहुली: ठाण्याहून एका दिवसात जाऊन धड परत यायचं कसं

ठाण्यातल्या खिडकीतून आभाळ बघून आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याचा बेत ठरवू नका. नौपाड्यात कपडे वाळत घालावेत असं ऊन पडलेलं असतं आणि आसनगावला स्टेशनातून बाहेर पडता येत नाही इतकी सर चालू असते. उलटही होतं. समुद्रावरून आलेला वारा सपाटीवरून सरळ सरकत जातो, पुढे डोंगर आडवा आला की वर चढतो, वर गेला की गार होतो आणि पाणी तिथेच टाकतो. माहुली साधारण साडेआठशे मीटर उंच आहे आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेला एकटीच पुढे उभी आहे. त्यामुळे ढग पहिला तिच्यावर आदळतो. गावात रिमझिम आणि माथ्यावर झोडपणं, हा तिथला रोजचा कारभार.

म्हणून वर जायचं की नाही हे मी आभाळाला विचारत नाही, पायथ्याच्या ओढ्याला विचारते. बाकी सगळी तयारी ही त्या ओढ्यापर्यंत शहाण्यासारखं पोहोचण्यासाठी आणि संध्याकाळी तोच ओढा परत ओलांडता यावा म्हणून.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रविवारची एकच सुट्टी मिळते. शनिवारी रात्री आठच्या सुमाराला पुतण्याचा फोन येतो, "काकू, उद्या निघायचं ना?" आणि त्याच्या मागे त्याच्या ऑफिसातली चार पोरं-पोरी असतात, ज्यांनी डोंगर फक्त रीलमध्ये पाहिलेला असतो. हे लिहिलंय ते अशा मंडळींसाठी. मुरलेल्या ट्रेकरांना यातलं निम्मं माहीत असेल, त्यांनी सरळ ओढ्यापाशी यावं.

शनिवारी रात्री काय बघायचं? हवामान खात्याचा ठाणे जिल्ह्याचा इशारा. रेड असेल तर प्रश्नच नाही, ऑरेंज असला तरी मी जात नाही, आणि याबाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही असं पोरांना सांगून ठेवलंय. शब्दांचे आकडेही माहीत असू द्या. खातं "मुसळधार" म्हणतं तेव्हा चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस अभिप्रेत असतो, "अति मुसळधार" म्हणजे ११५.६ ते २०४.४, आणि त्याच्यावर "अत्यंत मुसळधार". हा सगळा पाऊस चोवीस तासांत सारखा वाटून पडत नाही. त्यातला निम्मा दीड तासात पडला तर ओढ्याचं काय होईल याचा विचार करा. यलो असेल तर सकाळी उठून ठरवायचं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: आदल्या दोन-तीन दिवसांत किती पडला? जमीन आधीच तुडुंब प्यायलेली असेल तर नवीन पडलेलं सगळं पाणी थेट ओढ्यात उतरतं, आणि उतारावरची माती सुटायला लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड आली ती सलग धुवाधार पावसानंतर. तेव्हा तीन दिवस कोसळून रविवारी छान उघडीप मिळाली, तरी तो रविवार डोंगराचा नाही. घरी भजी तळा.

आमच्या सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या कॅलेंडरवर नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक, म्हैस असलं काही असेल तर "जाऊ नकोस गं," मेंढा-बिंढा असेल तर "जा खुशाल." जुलैच्या सुरुवातीला पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, साधारण वीस तारखेपासून पुष्य, म्हणजे म्हातारा. मी रडार बघते, त्या बेडूक बघतात, आणि दोघींचं जमलं तर डबा दुप्पट मिळतो.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडा. हवामान खात्याच्या साइटवर फुकट दिसतं. एकच चित्र बघून काही कळत नाही, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन-तीन बघा. समुद्रावरून जाड पट्टे एकामागून एक जमिनीकडे सरकत असतील तर दिवसभर तेच चालणार. सुटे सुटे ठिपके असतील तर सरी येतील आणि जातील, आणि आपल्याला हवा तो दिवस हाच. चहा होईपर्यंत भरतीची वेळही बघून घ्या. डोंगराशी तिचा संबंध नाही, परतीच्या लोकलशी आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस जमला की खाली मुंबईत रुळांवर पाणी येतं आणि त्याची शिक्षा कसारा लाइनला भोगावी लागते.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक नको तितकं बोलतात. जीन्स नको. भिजली की दोन किलोची होते आणि गुडघा वाकत नाही. सुती टी-शर्टही नको, माथ्यावरच्या वाऱ्यात तो अंगाला चिकटून हुडहुडी भरवतो. पटकन वाळणारी साधी ट्रॅक पँट आणि ड्रायफिट पुरे. बूट मात्र नीट घ्या. आपल्याकडचे जुने ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग बूट घालतात ते काही हौस म्हणून नाही, ओल्या कातळावर त्यांचा तळ धरतो. रनिंग शूजचा मऊ फोमचा तळ शेवाळावर साबणासारखा जातो. बूट वॉटरप्रूफ असावेत का? ओढ्यात गुडघ्यापर्यंत पाय गेल्यावर वॉटरप्रूफ बुटातलं पाणी बाहेरसुद्धा येत नाही. जाळीचे घ्या, भिजू द्या, निथळू द्या.

पोंचो घ्या, छत्री गावापर्यंतच. सॅकमध्ये आतून मोठी कचऱ्याची काळी पिशवी लावा. वरून घालायच्या रेन कव्हरपेक्षा तिचा भरवसा जास्त, कारण पाणी पाठीकडून शिरतं आणि तिथे कव्हर नसतंच. तिच्यात कोरडा शर्ट, टॉवेल, विजेरी, औषधं. मोबाइल झिप लॉकमध्ये. दोन लिटर पाणी प्रत्येकी. "पावसात कशाला एवढं पाणी?" असं दरवेळी एक जण विचारतोच. जंगलातल्या चढावर वारा नसतो, दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, आणि दोन तासांनी पोटरीत गोळा येतो तेव्हा उत्तर मिळतं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. खायला पोळीचे रोल, गूळ-शेंगदाणे, खजूर. वेफर्स नकोत. आणि हातात काठी हवी, हौसेची नव्हे, खांद्यापर्यंत येणारी भक्कम. गावात कोणीही देतं.

ठाण्याहून पहाटेची आसनगाव किंवा कसारा लोकल धरा. साधारण सव्वा तास लागतो. सातच्या आत आसनगावला उतरलात तर दिवस हातात राहतो. स्टेशनापासून माहुली गाव पाचेक किलोमीटर. रिक्षा ठरवा आणि रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी गावात उभं राहून रिक्षा मिळेल या भ्रमात राहू नये. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन कधी कधी धबधबे आणि गडांवर जायला बंदीचा आदेश काढतं, तो आदल्या दिवशी बातम्यांत बघा. हा भाग तानसा अभयारण्याच्या हद्दीत येतो, पायथ्याशी वनखात्याचं प्रवेश शुल्क भरायचं, नाव-गाव लिहायचं. खरं नाव आणि खरा फोन नंबर लिहा. गंमत म्हणून तिथे भलतीच नावं लिहिणारे महाभाग असतात. उद्या शोधायला येणारा माणूस तीच वही उघडतो.

गावातून जाताना जुलैमध्ये आवणी चालू असते. चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावरून पाठीवर निळं प्लास्टिक, क्वचित एखाद्या म्हाताऱ्याच्या पाठीवर अजून पानांचं इरलं. बांधावरून चालताना रोपांवर पाय देऊ नका, आणि थांबून विचारा, "काका, रात्री वर पडला का?" हा प्रश्न रडारपेक्षा मोलाचा आहे. रडारला वरचा ढग दिसतो, काकांना रात्री ओढ्याचा आवाज ऐकू आलेला असतो. "ओढा वाजत होता" असं म्हणाले तर समजा.

आता ओढा. इथे घाई नको, मी इथे ठरवून वीस मिनिटं थांबते.

पहिल्यांदा पाण्याचा रंग. पावसाळी ओढा चहाच्या रंगाचा असला तरी तळाचे दगड दिसत असतील तर ठीक. तळ दिसत नाही, पाणी गढूळ लाल आहे आणि त्यात पानं, काटक्या वाहून येतायत, याचा अर्थ वर आत्ता जोर आहे आणि पाणी चढतंय. मग आवाज. पाण्याची खळखळ वेगळी आणि तिच्याखाली दगडांची गडगड वेगळी. पाण्याच्या पोटातून "धब् धब्" असा दबका आवाज येत असेल तर तळाचे धोंडे सरकतायत, त्यात पाय घालायचा नाही.

मग काडी. पाण्याच्या अगदी काठाला, जिथे पाणी मातीला टेकतं बरोबर तिथे, एक काटकी उभी खोचा. शेजारच्या मोठ्या दगडाचा पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा. मग बसा, थर्मासातला चहा प्या. पंधरा मिनिटांनी काडी कोरड्यात उभी असेल तर पाणी उतरतंय, जा. होती तिथेच असेल तर जायला हरकत नाही, पण वर पावसाची मोठी सर दिसत नाही ना बघून. काडीभोवती दोन बोटं पाणी चढलं असेल तर आज धबधबा लांबूनच बघायचा, फोटो काढायचे आणि परत. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

ओलांडायचा कुठे? लोकांची खोड अशी की ओढा अरुंद असेल तिथे उडी मारू बघतात. अरुंद म्हणजे खोल आणि जोराचा. रुंद, पसरट, उथळ जागा शोधा, आणि जिच्या खाली लगेच धबधबा किंवा मोठा डोह नाही अशी. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडायचं नाही, पोहता येतं की नाही याचा इथे काही संबंध नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी समोर रोवलेली, एका वेळी एकच गोष्ट हलवायची: काठी, मग एक पाय, मग दुसरा. बूट काढू नका. अनवाणी पायाला दगड लागला की माणूस दचकतो आणि तोल जातो. चौघं-पाच जण असाल तर खांद्याला खांदा लावून, एकमेकांचे सॅकचे पट्टे धरून, सगळ्यात धिप्पाड गडी वरच्या बाजूला. दोर असला तरी कुणाच्या कमरेला बांधू नका. पाय घसरला तर पाणी त्याच दोराने माणसाला दाबून धरतं.

पलीकडे गेल्यावर तो दगड आणि ती काडी लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा बघायची आहे.

पुढचा चढ हा निव्वळ चढ आहे, दोन ते तीन तासांचा. जंगल दाट, वाट मळलेली, पण पावसाळ्यात पाण्याचे ओहोळ वाटेसारखे दिसतात आणि वाट ओहोळासारखी. दहा मिनिटं वाटेवर पावलांच्या खुणा, चॉकलेटची कागदं, कापलेली फांदी असं काहीच दिसलं नाही तर मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागी या. (कचऱ्याचा एवढाच काय तो उपयोग. तुम्ही भर घालू नका.) कारवीची झुडपं धरून चढताना हिरवी धरा. वाळकी काडी हातात तुटून येते. खडकाच्या कपारीत, फांदीवर हात टाकण्याआधी डोळे टाका, पावसाळ्यात हिरवा चापडा, म्हणजे विषारी साप, पानाआड गप्प बसलेला असतो आणि आपल्याला बघून हलण्याची तसदी घेत नाही. काळ्या गुळगुळीत कातळापेक्षा शेजारच्या गवतावर पाय टाका, आणि भिजलेल्या मुळांवर कधीच नको.

सर आली तर? चालत राहा. दरवेळी पोंचो काढ-घाल करत बसलात तर दुपार होते. मी पोंचो फक्त दोन जागी घालते: खाताना थांबल्यावर आणि माथ्यावरच्या वाऱ्यात. चढताना भिजलेलंच बरं, नाहीतर आतून घामाने भिजायचं आहेच.

शेवटी लोखंडी शिडी लागते. इथे गर्दी होते आणि गर्दीत शहाणपण कमी होतं. एका वेळी एकच माणूस, खालचा माणूस बाजूला, कारण वरच्याच्या बुटाखालून दगड सुटतात. उतरताना तोंड शिडीकडे. पाठ करून उतरणारे हिरो दर रविवारी दिसतात. हातात मोबाइल, काठी काहीच नको, काठी आधी खाली द्या.

विजेचं काय? जून महिन्यात आणि सप्टेंबरअखेर, पाऊस येताना आणि जाताना, दुपारनंतर गडगडाट होतो. भर जुलैत त्या मानाने कमी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने काढलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडतेय का ते कळतं. नेटवर्क नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून आवाज यायला तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. अडचण अशी की माथ्यावरून पळायची वाट लोखंडाच्या शिडीवरूनच जाते. म्हणून त्या दिवसांत मी दुपारी बाराच्या आत शिडीच्या खाली असते. आणि विजा सुरू झाल्याच तर शिडीपासून आणि एकट्या झाडापासून लांब, सखल जागी, सॅकवर उकिडवे बसा आणि थांबा.

माथ्यावर पोहोचलात की पहिली गोष्ट कळते ती ही की काही दिसत नाही. ढगात आहात. नशीब असेल तर दहा मिनिटं पडदा सरकतो, खाली तानसा तलाव चमकतो आणि नवरा-नवरीचे सुळके एकदम अंगावर आल्यासारखे उभे राहतात. मग पुन्हा पांढरं. माहुलीचा माथा मोठा आहे, पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड मिळून हा डोंगर होतो. गवत कमरेएवढं वाढलेलं, कडा कुठे संपतो ते धुक्यात कळत नाही. अशात भंडारगडाकडे भटकायला जाऊ नका. महादरवाज्याच्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या, बघा, तिथे आडोशाला बसून डबा खा. कोरडा शर्ट आत्ता घालायचा, त्यावर पोंचो. इतका वेळ गरम असलेलं अंग थांबल्यावर पाच मिनिटांत गार पडतं, ओठ निळे पडेपर्यंत वाट बघू नका.

परत फिरायची वेळ साडेबारा. पोहोचला असाल किंवा नसाल. शिडी पन्नास पावलांवर दिसत असली तरी. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, पण ढग आणि झाडी मिळून सहालाच वाट दिसेनाशी होते, आणि ओढा फुगला असेल तर तो उतरायची वाट बघायला हातात दोन तास लागतात. ते दोन तास साडेबारामधून येतात. "एवढं येऊन परत?" म्हणणाऱ्यांना मी इतिहास सांगते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी हल्ला केला तो किल्लेदार मनोहरदास गौडाने परतवला. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. ज्यांचा गड होता त्यांनाही दुसऱ्यांदा यावं लागलं, तुम्हाला पुढचा रविवार आहेच की.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. गुडघे थकलेले असतात, सगळे घरी पोहोचल्यासारखे बोलत असतात आणि घसरणारे इथेच घसरतात. लहान पावलं, तिरकं उतरणं, गरज पडली तर सरळ बसून सरकणं. लाज कसली?

ओढ्यापाशी आल्यावर सकाळचा फोटो उघडा आणि दगड बघा. पाणी तेवढंच असेल तर सकाळसारखंच ओलांडा, घाईने नाही. जास्त असेल तर थांबा. असे डोंगरी ओढे लवकर चढतात आणि उतरतातही लवकर, वरची सर थांबली की तासा-दोन तासांत फरक दिसतो. काठापासून उंचावर बसा, काडी खोचा, उरलेले शेंगदाणे काढा. अंधार पडायला आला आणि पाणी उतरत नाही, तर अलीकडेच राहा आणि फोन करा: ११२, किंवा सकाळी ज्यांचा नंबर घेतला ते रिक्षावाले दादा, ते गावात निरोप देतात. राज्यभरातल्या गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव पथकंही अशा वेळी धावून येतात. भिजलेली, भुकेली रात्र वाईट असते, पण सकाळी तुम्ही चालत घरी येता.

सगळं नीट झालं तर चारपर्यंत आसनगाव. स्टेशनाबाहेर कधी कधी कातकरी, ठाकर बायका रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात: टाकळा, फोडशी, कंटोळी, कुर्डू. घासाघीस करू नका, तो डोंगर त्या आपल्याआधी चढून आल्यात. ठाण्यात उतरल्यावर पोरं मामलेदारची मिसळ म्हणतात, मी भिजलेल्या कपड्यांत तिखट खायला तयार नसते, घरी जाते.

घरी गेल्यावर बुटांतले इनसोल बाहेर काढा, बूट नळाखाली धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. झोपायच्या आधी बोळे बदला. उन्हात किंवा गीझरच्या पाइपाला टेकवून वाळवलेत तर तळ सुटतो. पोंचो उलटा करून दोरीवर, सॅक पूर्ण रिकामी करून चेन उघड्या ठेवून. तळाशी राहिलेलं केळं बुधवारी सापडतं.